वजीर गेल्यावर काय खेळायचे?

"सर, बुद्धिबळ शिकवता येते का, की ते रक्तातच असावे लागते?" हा प्रश्न आजवर मला कितीतरी पालकांनी विचारला आहे. विचारणाऱ्याच्या शेजारी बहुधा आठ-दहा वर्षांचे मूल उभे असते आणि त्याचे लक्ष आमच्या बोलण्याकडे नसून समोरच्या पटाकडे असते. पूर्वी मी या प्रश्नाला चटकन 'येते की!' असे उत्तर देऊन मोकळा होत असे. आता उत्तर तेच देतो, पण जरा थांबून देतो. हे थांबणे कशामुळे आले, ते सांगण्यासाठी हा लेख.

मी काही नामांकित खेळाडू नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. नांदेडला महाविद्यालयात शिकवतो आणि रविवारी सकाळी आठ ते अकरा या वेळात शाळकरी मुलांचा बुद्धिबळाचा वर्ग घेतो. लातूरला बहीण राहते. तिच्याकडे महिन्यातून एकदोनदा जाणे होते, तेव्हा तिच्या ओसरीवर तिथल्याही पाच-सात मुलांचा वर्ग भरतो. एवढेच माझे भांडवल.

बुद्धिबळ आपल्याकडे नवीन नाही. जुन्या वाड्यांच्या ओसरीवर आणि पारावर देशी पद्धतीचा डाव मांडून बसलेली मंडळी मी लहानपणी पाहिली आहेत. त्यांचे नियम निराळे होते. प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरे जाण्याची मुभा नसे. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला शह बसलेला नसेल तर डावात एकदा त्याला घोड्याची उडी घेता येई. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की ते घर मुळात ज्या मोहऱ्याचे, तेच मोहरे मिळायचे. मागेल तो वजीर मिळायचा नाही. या दोन पद्धतींची सांगड घालण्याचा प्रयत्नही जुना आहे. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथ युरोपीय पद्धतीला जुळवून घेऊन १८१४ साली मुंबईत इंग्रजीत छापला गेला होता. पण पारावरच्या मंडळींना ग्रंथाशी कर्तव्य नव्हते. खेळ भराभर चाले, तोंडही चाले, आणि प्रेक्षकांचा सल्ला खेळणाऱ्यापेक्षा मोठ्या आवाजात येई. गंमत पुष्कळ होती. मात्र एकही डाव कधी कुणी लिहून ठेवला नाही. त्यामुळे काल ज्या चुकीने डाव गेला, त्याच चुकीने तो आजही जायचा, आणि चिडण्यापलीकडे कुणाचे काही बिघडत नसे.

मीही याच शाळेत शिकलो आणि पहिली चार वर्षे जवळजवळ हेच शिकवले. फरक इतकाच की नियम नवे होते आणि तोंडाला कुलूप होते. मुलांना लवकर जिंकण्याची हौस असते, म्हणून मी त्यांना आरंभीचे सापळे शिकवले. त्यांतला सर्वांत लाडका म्हणजे चार खेळ्यांची मात. राजापुढचे प्यादे दोन घरे, उंट सी४ वर, वजीर एच५ वर, आणि समोरच्याने बेसावधपणे घोडा एफ६ वर काढला की वजिराने एफ७ वरचे प्यादे मारून मात! समोरच्याने घोडा काढण्याआधी जी प्यादे एक घर पुढे ढकलून वजिराला हुसकावले की सापळा फुसका ठरतो आणि वजिराला उगाच पळापळ करावी लागते. पण तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांत हे ठाऊक असणारी मुले कमी. आमच्या वर्गाने ढाली आणल्या, शाळांनी कौतुक केले, वर्तमानपत्रात फोटोसुद्धा आला. मीही फुगलो, हे कबूल करतो.

त्या मुलांत सातवीतला एक मुलगा विशेष हुशार होता. जिल्ह्यात तो कुणालाच हार गेला नाही, म्हणून मी त्याला घेऊन राज्य पातळीवरच्या स्पर्धेला गेलो. नऊ फेऱ्या होत्या. त्याला दोन गुण मिळाले. हरलेल्या सात डावांच्या नोंदी मी रात्री खोलीत तपासल्या तेव्हा मला घाम फुटला. सातांपैकी पाच डावांत पंचविसाव्या खेळीपर्यंत त्याची बाजू बरोबरीची होती, एकात तर त्याच्याकडे एक प्यादे जास्त होते. पुढे वजिरांची मारामारी झाली, पट रिकामा झाला, आणि तिथून पोराला काहीच सुचेनासे झाले. दीड तासाच्या घड्याळात त्याने वीस मिनिटेही वापरली नव्हती. विचार कशाचा करायचा तेच ठाऊक नसेल, तर वेळ घेऊन करणार काय? परतीच्या बसमध्ये बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "सर, वजीर गेल्यावर काय खेळायचं?"

या प्रश्नाचे उत्तर मी त्याला त्या रात्री देऊ शकलो नाही. मी ते शिकवलेच नव्हते. त्यानंतर तो वर्गाला तीनचार वेळा आला आणि मग यायचा थांबला. तो का थांबला ते मी विचारले नाही; विचारण्याचे धैर्य झाले नाही असे म्हणणे अधिक खरे.

त्या उन्हाळ्यात मी माझा अभ्यासक्रम उलटा केला. क्यूबाचे जगज्जेते होझे राऊल कापाब्लांका शेवटच्या खेळाचा अभ्यास सर्वांआधी करावा या मताचे होते, आणि त्यांच्या १९२१ सालच्या पाठ्यपुस्तकातही सोपी अंतिमे अगदी आरंभालाच आहेत. मला पूर्वी हे विक्षिप्त वाटे. पण विचार केला तर ते सरळ आहे. बत्तीस मोहरी मांडलेल्या पटावर मुलाला एकेका मोहऱ्याची ताकद दिसत नाही, गर्दीच दिसते. पटावर तीनच मोहरी ठेवली की प्रत्येकाचे मोल कळते, आणि चूक झाली तर ती नेमकी कुठे झाली तेही कळते.

आता माझा पहिला धडा असा असतो. पांढरा राजा ई५ वर, त्याच्या मागे प्यादे ई४ वर, आणि काळा राजा ई७ वर. दोन्ही राजे एकाच पट्टीवर समोरासमोर, मध्ये एकच घर मोकळे. मुलांना विचारतो, कोण जिंकेल? सगळी म्हणतात, पांढरा, त्याच्याकडे प्यादे आहे. मग मी विचारतो, खेळी कोणाची? इथे मुले गप्प होतात. कारण सारे त्यावरच अवलंबून आहे. खेळी काळ्याची असेल तर त्याच्या राजाला बाजूला सरावे लागते. तो डावीकडे सरला की पांढरा राजा उजवीकडून सहाव्या ओळीत शिरतो आणि प्याद्याला वाट करून देतो. पण खेळी पांढऱ्याची असेल तर त्यालाच बाजूला व्हावे लागते. काळा राजा पुन्हा समोर येऊन उभा राहतो आणि डाव बरोबरीत सुटतो. मोहरी तीच, घरे तीच, फक्त पाळी बदलली. ज्याची खेळी त्याचे नुकसान, ही गोष्ट मुलांना फार चमत्कारिक वाटते. व्यवहारात पाळी येणे हे भाग्याचे असते ना! हाच पांढरा राजा एक घर पुढे, म्हणजे ई६ वर, प्यादे ई५ वर आणि काळा राजा ई८ वर असेल, तर मात्र खेळी कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. मुले दोन-दोनच्या जोड्यांनी हे अर्धा तास खेळून बघतात. मी सांगितलेले त्यांना पटत नाही. समोरच्याने बरोबरी करून दाखवली की पटते.

यालाच एक पोटनियम आहे, तोही त्याच दिवशी सांगतो. प्यादे पटाच्या अगदी कडेच्या, म्हणजे हत्तीच्या पट्टीवरचे असेल आणि काळा राजा त्या पट्टीच्या टोकाच्या कोपऱ्यात पोहोचला असेल, तर पांढऱ्याला जिंकता येत नाही. कोपऱ्यातल्या राजाला बाहेर हुसकावण्यासाठी दुसऱ्या बाजूला जागाच नसते. या पोटनियमाने पुढे माझीच फजिती केली, ती शेवटी सांगतो.

सरावाने नेमके काय होते, हा दुसरा प्रश्न. बुद्धिबळाचा खेळाडू म्हणजे विलक्षण स्मरणशक्तीचा माणूस, अशी समजूत सर्वत्र आहे. हॉलंडचे मानसशास्त्रज्ञ आद्रिआन द ग्रूट यांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात खेळाडूंच्या विचारप्रक्रियेचा अभ्यास केला. पुढे १९७३ साली अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी एक सुंदर प्रयोग केला. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची, मग पट झाकायचा आणि मोहरी आठवून मांडायला सांगायची. निष्णात खेळाडूने बहुतेक मोहरी बिनचूक मांडली, नवशिक्याला थोडीच जमली. मग तीच मोहरी वाटेल तशी विखरून दाखवली, तेव्हा निष्णाताचे श्रेष्ठत्व जवळजवळ नाहीसे झाले! म्हणजे त्याची स्मरणशक्ती सर्वसाधारणच. पण हजारो डावांतून ओळखीचे झालेले आकार त्याला दिसत होते. किल्लेकोट केलेला राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी, एफ३ वरचा घोडा, ही त्याच्या दृष्टीने पाचसहा वेगळी मोहरी नव्हेत, एक शब्द आहे. आपण 'महाविद्यालय' हा शब्द अक्षरे न मोजता वाचतो, तसेच हे.

मी हा प्रयोग आमच्या वर्गात करून पाहिला. दोन वर्षे येणाऱ्या मुलाने सोळा मोहरी बरोबर मांडली आणि मी, त्याचा गुरू, पंधरा. विखुरलेल्या मोहऱ्यांत आम्ही दोघेही चार-पाचांवर अडकलो. मुलांना माझी फजिती इतकी आवडली की पुढचे तीन रविवार तेच करायचा आग्रह होता.

यावरून कुणी म्हणेल, मग आकार पाठ करून घ्या की झाले! आमच्या भागाला ही भाषा चांगलीच परिचयाची आहे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे नाव ज्या 'लातूर पॅटर्न'शी जोडले गेले, त्याचा गाभा म्हणजे प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवणे आणि प्रत्येक वेळी चुका तपासणे. त्याला हसणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतला नाही. खेड्यातून आलेल्या, घरी कुणी शिकलेले नसलेल्या मुलांना त्या पद्धतीने डॉक्टर-इंजिनिअर केले, हे डोळ्यांनी पाहिले आहे. बुद्धिबळातही हातखंडा याच मार्गाने येतो. पण एक भेद आहे. परीक्षेत प्रश्नपत्रिका काढणारा तुमच्या खेळीला उत्तर देत नाही. पटावर तो देतो, आणि ते उत्तर तुमच्या पाठ केलेल्या वहीत नसेल असेच तो बघतो. म्हणून आकार पाठ हवेतच, पण कुठला आकार आत्ता लागू पडत नाही हे ओळखण्याची सवय त्याहून अधिक हवी. ती दुसऱ्याच्या प्रश्नपत्रिकांतून येत नाही, स्वतःच्या हरलेल्या डावांतून येते.

मिखाईल बोट्विन्निक या सोव्हिएत जगज्जेत्याचा कटाक्ष यावरच होता. आपले डाव आपण लिहून तपासावे, आणि ती चिकित्सा इतरांच्या टीकेसाठी खुली ठेवावी, असे ते सांगत. त्यांच्याकडे शिकलेल्यांत कार्पोव्ह, कास्पारोव्ह आणि क्रामनिक हे तीन जगज्जेते आहेत. आजच्या मुलाजवळ मोबाइलमध्ये जगज्जेत्यालाही हरवील असे यंत्र असते. डाव संपला की तो बोट लावतो आणि यंत्र सांगते, अठराव्या खेळीला चूक. मुलगा 'हं' म्हणतो आणि पुढचा डाव सुरू करतो. यंत्राने चूक सांगितली. ती का झाली, हे यंत्राला ठाऊक नाही. म्हणून माझ्या वर्गात नियम आहे : आधी वही, मग यंत्र. खेळीपुढे त्या वेळी मनात काय होते ते लिहायचे, आणि लिहिलेले खोडायचे नाही.

घर आणि गाव या गोष्टींचे महत्त्वही मी आता पूर्वीपेक्षा अधिक मानतो. हंगेरीतल्या पोल्गार भगिनींची कथा जगभर सांगितली जाते. पण त्यांच्या आधी मुंबईत एका मराठी घराने तसेच करून दाखवले होते. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी मुली. १९७४ साली महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली ती वासंतीने जिंकली, आणि पुढची दहा वर्षे हे अजिंक्यपद या तीन बहिणींच्या घरातून बाहेर गेले नाही. रोहिणी १९७६ साली तेराव्या वर्षी विजेती झाली. त्याच वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा मोठा गहजब झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्वाळा जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांना द्यावा लागला. १९८१ साली आशियाई विजेतेपद तिने हैदराबादला मिळवले. नांदेडहून हैदराबाद हा एका रात्रीचा प्रवास! तिघी बहिणी म्हणजे घरात रोज सकाळ-संध्याकाळ तोडीचा प्रतिस्पर्धी. हे भाग्य कुठल्याही प्रशिक्षकाला देता येत नाही.

गावाचे उदाहरण सांगलीचे. तिथे भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले आणि आयुष्यभर ते चालवले. वर्षानुवर्षे स्पर्धा भरवल्या, बाहेरगावचे खेळाडू बोलावले, मुलामुलींना पट आणि प्रतिस्पर्धी मिळवून दिले. भाग्यश्री साठे-ठिपसे यांनी पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, त्या सांगलीच्या. सांगली काही मुंबई-पुणे नव्हे. नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघांत होते, आणि २०२५ साली दिव्याने महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तेव्हा मुलांची बुद्धी गोदावरीच्या काठी कमी आणि कृष्णेच्या काठी जास्त, असे काही नाही. एखाद्याने चाळीस-पन्नास वर्षे एकाच जागी पट मांडून बसायला हवे, एवढेच. आमच्या जिमखान्याच्या कपाटात आज बारा पट आहेत आणि पूर्ण बत्तीस मोहऱ्यांचे संच तीन. एका संचात काळ्या घोड्याच्या जागी खडूचा तुकडा उभा असतो. पांढराच, पण काळा समजायचा.

लातूरच्या वर्गातल्या एका मुलीबद्दल लिहून थांबतो. आठवीत असताना ती आली. वही प्रामाणिकपणे लिहिणारी माझी ती पहिली विद्यार्थिनी. तिच्या वहीत खेळीपुढे एकच वाक्य पुन्हा पुन्हा यायचे : 'इथे मी घाबरले.' आम्ही दोघांनी बसून ती ठिकाणे मोजली. समोरच्याने बराच वेळ विचार करून खेळी केली की त्यानंतरच तिची चूक होई. खेळी साधी असली तरी, एवढा विचार केला म्हणजे काहीतरी भयंकर असणार, असे तिला वाटे. हे कळल्यावर उपाय सोपा होता : समोरचा विचार करत असताना तिने उठून पाणी प्यायला जायचे नाही, त्याच्याच बाजूने विचार करायचा. एका वर्षात तिचा खेळ ओळखू न येण्याइतका पालटला.

मग दहावी आली. तिचे वडील माझ्याकडे आले. भला माणूस, आवाज चढवला नाही. म्हणाले, "सर, शिकवण्या सकाळी सहाला सुरू होतात. यातनं तिचं पुढं काही होईल असं तुम्ही सांगता का? तुम्ही सांगा, मी शिकवणी बंद करतो." मी सांगू शकलो नाही. सातवीतला तो मुलगा आणि ती बस माझ्या डोळ्यांसमोर होती. शेवटी आमचे ठरले की स्पर्धा नाहीत, रविवार नाही; मी शंभर अंतिम स्थिती वहीत मांडून द्यायच्या आणि तिने रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटे एकच सोडवायची. वडिलांनी दहाच मिनिटे, असे दोनदा बजावले.

परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये मी लातूरला गेलो तेव्हा ती वही घेऊन आली. जानेवारीपर्यंतच्या तारखा रोजच्या होत्या, नंतर तुटक. त्र्याण्णव स्थिती सोडवल्या होत्या. पहिले वाक्य तिने असे उच्चारले, "सर, सत्त्याऐंशी नंबरचं चुकलंय." त्या स्थितीत पांढऱ्याकडे एच पट्टीवरचे प्यादे आणि जोडीला एक उंट होता, काळा राजा कोपऱ्यात एच८ वर, आणि खाली मी लिहिले होते : पांढरा जिंकतो, कसा ते शोधा. तिने चार रात्री शोधले होते. उंट पांढऱ्या घरांवर चालणारा आणि एच८ हे घर काळे. तो उंट राजाला त्या कोपऱ्यातून कधीच उठवू शकत नाही. डाव बरोबरीचा. कडेच्या प्याद्याचा पोटनियम तिला पहिल्याच दिवशी मी सांगितला होता, आणि उंट हाताशी आहे म्हटल्यावर मीच तो विसरलो होतो.

"चौथ्या दिवशी मला वाटलं, मलाच येत नाही," ती म्हणाली. "मग घाबरले का ते बघितलं. घाबरले नव्हते. मग तुमचंच चुकलं असणार."

मी लाल पेनने माझे वाक्य दुरुस्त केले आणि तिने पट मांडला.